बदकाला धाप लागली तर: घरच्या घरी काय करायचं, काय टाळायचं

बदक आजार लपवण्यात पटाईत असतं. कळपात दुबळं दिसलं की बाकीची टोचतात, म्हणून ते अंगात त्राण असेपर्यंत मान ताठ ठेवून हिंडतं. चोच उघडून श्वास घेताना दिसतं तेव्हा दुखणं बहुधा आजचं नसतं, काही दिवस आत मुरलेलं असतं. त्यामुळे 'उद्यापर्यंत बघू' हे कुत्र्यामांजराच्या बाबतीत एखाद्या वेळी चालून जातं, इथे चालत नाही.

आधी ठरवा: आजार आहे की नुसता उकाडा?

एप्रिल-मेच्या दुपारी बदक चोच उघडतं, पंख अंगापासून सुटे धरतं, गळा भराभर थरथरतो. बदकाला घाम येत नाही, अंग थंड करायची त्याची रीत हीच. सावलीत, गार पाण्याजवळ नेल्यावर ही धाप पंधरा-वीस मिनिटांत ओसरायला हवी. पहाटेच्या गारव्यात, काही धावपळ नसताना चोच उघडीच असेल तर तो आजार समजा.

आवाजानेही फसगत होते. मस्कोव्ही जातीची बदकं मुळातच फुसफुसतात. बाकी जातींत नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो. दीड-दोन महिन्यांच्या पिलाचा चिवचिवाट फुटून आवाज बसल्यासारखा झाला, तर तो बहुतेक नर निघतो. मादीचं मात्र उलट. तिचं ओरडणं खणखणीत, शेजाऱ्यांच्या तक्रारी येण्याइतकं. अशा मादीचा आवाज अचानक बसला किंवा ती ओरडायचा प्रयत्न करते आणि नुसती हवा बाहेर पडते, तर ती धोक्याची पहिली खूण. पक्ष्याचा आवाज छातीत, श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे तयार होतो आणि बुरशीची गाठ बहुधा नेमकी त्याच जागी धरते. धाप दिसायच्या आधी आवाज जातो.

शरीराबद्दल एवढं माहीत हवंच

बदकाला आपल्यासारखा छाती-पोटामधला स्नायूचा पडदा, म्हणजे श्वासपटल, नसतो. फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली आणि लहान, त्यांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या पोटापर्यंत पसरलेल्या. छातीचं हाड खाली-वर होतं आणि भात्यासारखी हवा आतबाहेर जाते. यातून दोन नियम निघतात. बदक उचलताना छाती आवळायची नाही. मुठीत घट्ट धरलेलं बदक चोच मोकळी असूनही गुदमरतं. आणि धापा टाकणारं बदक कधीही उताणं करायचं नाही, कारण आतड्यांचा सगळा भार हवेच्या पिशव्यांवर येतो.

उचलायची पद्धत: दोन्ही पंख अंगाशी मिटवून बदक काखेत घ्या, तोंड तुमच्या मागच्या बाजूला, एक हात पोटाखालून पायांना आधार देणारा. पंखाला किंवा मानेला धरून उचलू नका.

पायरी १: हात लावण्याआधी पाच मिनिटं लांबून पाहा

मोबाइलवर तीसेक सेकंदांचं चित्रीकरण करा, बाजूने, शेपटी दिसेल असं. डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवलेलं बदक घाबरून वेगळाच श्वास घेतं, त्यामुळे घरचं चित्रीकरण फार कामाला येतं.

मग श्वास मोजा. शेपटीच्या वरच्या भागाकडे किंवा पोटाकडे पाहत अर्ध्या मिनिटात किती वेळा हालचाल होते ते मोजून दुप्पट करा. अमुक आकडा बरोबर असं सांगण्यात अर्थ नाही. नर, मादी, वजन, तापमान यांनुसार तो बराच बदलतो. त्याच घरातल्या धडधाकट बदकाचा आकडा त्याच वेळी मोजा आणि दोन्ही लिहून ठेवा. दर श्वासाबरोबर शेपूट पंपाच्या दांड्यासारखी खाली-वर होत असेल तर श्वासासाठी बदक जोर लावतंय.

आता जवळून. बदकाची नाकपुडी आरपार असते. चोच डोळ्यांच्या रेषेत आणून एका बाजूने पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो. दिसत नसेल तर आत चिखल, दाण्याचा लगदा किंवा वाळलेला शेंबूड अडकला आहे. डोळ्याच्या खाली, चोचीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोट फिरवा. एका गालावर फुगवटा लागला तर नाकामागची पोकळी भरली आहे. डोळ्यात साबणासारखा फेस असणं हीदेखील त्याचीच खूण. श्वासाचा आवाज ऐका: ओली घरघर असेल तर स्राव साचलाय, शिटीसारखा सूर असेल तर नळी कुठेतरी अरुंद झाली आहे. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस आहे की हाड सुरीसारखं हाताला लागतंय, तेही चाचपा. हाड टोचत असेल तर दुखणं जुनं आहे.

धाप जोरात असेल तर चोच उघडून पाहायच्या फंदात पडू नका. एरवी पाहायला हरकत नाही: पिवळट-पांढरे थर, मासेमारीचा दोरा, अडकलेला मक्याचा दाणा.

मान लांब ताणून चोच सताड उघडी, पिवळी किंवा नारिंगी चोच फिकी-निळसर पडलेली, उभं राहता येत नाही, तोंडातून रक्त: यातलं एकही दिसलं तर पुढच्या पायऱ्या वाटेत करा, आधी डॉक्टर गाठा.

पायरी २: पहिल्या तासात वेगळी खोली

आजारी बदक बाकीच्यांपासून वेगळं करा. साधारण अडीच फूट बाय दोन फुटांचा प्लॅस्टिकचा क्रेट किंवा मोठा पुठ्ठ्याचा खोका पुरतो. बाजूंना भोकं हवीत, वरून जाळी किंवा पातळ कापड. खाली जुना टॉवेल, त्याखाली वर्तमानपत्र. टॉवेल दिवसातून किमान दोनदा बदला. पेंढा, तूस, लाकडाचा भुसा या खोलीत नको, धूळ आणि बुरशी तिथूनच येते.

ऊब: आजारी पक्ष्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस लागतं. ६० वॅटचा जुन्या धाटणीचा बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला, बदकापासून दीड-दोन फुटांवर, कापडाला चिकटणार नाही असा लावा. दुसरं टोक गार राहू द्या, म्हणजे नको वाटलं तर बदक स्वतः सरकेल. तापमापक बदकाच्या उंचीवर ठेवा. धाप उन्हामुळे असेल तर अर्थातच बल्ब नको.

खोलीत उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, लिक्विड मशीन, फिनाइल, रंगकाम, काहीही नको. स्वयंपाकघरात तर ठेवूच नका: नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. दिवाळीत खिडक्या फटाक्यांच्या बाजूच्या असतील तर खोली बदला.

पायरी ३: पाणी आणि नाक

बदक चोच पाण्यात बुडवून नाक धुतं. कोंबडीचं उथळ भांडं त्याच्या कामाचं नाही. नाकपुड्या बुडतील इतकं, म्हणजे तीन-चार इंच खोल आणि सहज न उलटणारं भांडं द्या. बदक मान धरत नसेल तर भांडं कायमचं आत ठेवू नका. दर तासाला समोर धरा आणि काढून घ्या. अशक्त बदक चार इंच पाण्यातही बुडतं. पोहणं पूर्ण बंद. आजारी बदक पिसांना तेल लावत नाही, पिसं भिजतात, अंग गार पडतं.

नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानातलं ०.९ टक्क्याचं नॉर्मल सलाईन कोमट करून कापसाच्या बोळ्याने नाकपुडीवर धरा, खपली मऊ होऊ द्या, मग पुसा. काडी, पिन, टूथपिक आत घालू नका. सलाईन मिळालं नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम साधं मीठ, वजनकाट्यावर मोजून.

घरात मुलांसाठी आणलेलं नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा बारीक थंड फवारा देणारं यंत्र, असेल तर ते इथे उपयोगी पडतं. क्रेटवर पातळ चादर टाकून मास्क भोकाशी लावा, आत फक्त सलाईन, दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. समोरून पाहत राहा. धाप वाढली तर लगेच बंद. यात औषध घालायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलंच. पातेल्यातली गरम वाफ नको, तिने श्वासनलिका भाजते. निलगिरीचं तेल, कापूर, बाम हे माणसाच्या नाकाला बरं वाटतं म्हणून बदकाला लावायचं नाही.

जे हमखास केलं जातं आणि जे करू नये

चमच्याने किंवा सिरिंजने तोंडात पाणी, हळद-दूध, आल्याचा रस, मध ओतणं. घरगुती उपायांतला हा सर्वांत घातक. बदकाच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडं असतं. धापा टाकताना ते सतत उघडझाप करतं आणि ओतलेलं थेट फुप्फुसात जातं. बदक क्षणभर झटकतं, शांत होतं, आपल्याला वाटतं लागू पडलं, आणि दुसऱ्या दिवशी न्यूमोनिया. बदक स्वतः गिळत नसेल तर नळीने भरवायचं काम डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय करू नका.

दुसरं म्हणजे कोंबड्यांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली प्रतिजैविकाची पुडी पाण्यात मिसळणं. आजार बुरशीचा असेल तर प्रतिजैविकाने काहीच होत नाही, उलट बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय आजारी बदक पाणी किती पितं याचा भरवसा नाही, म्हणजे मात्रेचाही नाही.

पायरी ४: डॉक्टरांकडे नेताना

आधी फोन करून 'पक्षी तपासता का?' विचारा. पाळीव प्राण्यांचे अनेक दवाखाने कुत्र्यामांजरांपलीकडे जात नाहीत, यात लपवण्यासारखं काही नाही. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं लोकांच्या तोंडी बैलघोडा म्हणून रुळलेलं रुग्णालय आहे. बाहेर नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कुक्कुटशास्त्र कळणारे लोक भेटतात. तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गावाकडे सर्वांत जवळचा, आणि १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे.

प्रवास शक्यतो सकाळी. खोक्यात टॉवेल, पाण्याचं भांडं नाही, अंधार पण हवा खेळती. सोबत घ्या: चित्रीकरण, श्वासाचे आकडे, ताजी शीट पडलेला कागद, खाद्याचा मूठभर नमुना, अंथरुणाचा नमुना वेगळ्या पिशवीत, आणि गेल्या महिन्यात घरात काय बदललं याची दोन ओळींची नोंद. नवीन पक्षी आणला, पेंढा बदलला, खाद्याचं पोतं भिजलं, शेजारी रंगकाम झालं, यांतलंच काहीतरी बहुतेक वेळा कारण निघतं. एक्स-रे काढायचा असेल तर हवेच्या पिशव्या नीट दिसाव्यात म्हणून दोन बाजूंनी काढून घ्या. श्वासनलिकेतला स्राव तपासायला पाठवता येतो.

कारणं: सर्वांत जास्त वेळ बुरशीला द्यावा लागतो

अ‍ॅस्परजिलस ही बुरशी सगळीकडे असते. जूनमध्ये भरलेला भाताचा पेंढा ऑगस्टपर्यंत आतून करडा-हिरवट होतो, मूठ उचलली की धुरळा उडतो. तो धुरळा म्हणजेच बुरशीचे बीजाणू, तिचं बी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळ्यात खुराड्यातली ओल जात नाही, बदक स्वतः पाणी सांडतं, त्याची शीट पातळ, आणि वरून कोरडा पेंढा टाकला तरी खालचा थर कुजत राहतो. लहान पिलांना एकदम मोठा डोस बसला तर ती दोन-चार दिवसांत धापा टाकून मरतात. मोठ्या बदकात तेच दुखणं आठवडे रेंगाळतं: वजन घटणं, आवाज बसणं, थोडं चाललं की दम लागणं. नाकातून पाणी बहुधा येतच नाही, म्हणून सर्दी नाही असं समजून दुर्लक्ष होतं.

हवेच्या पिशव्यांना रक्तपुरवठा फार कमी असतो. औषध तिथे पोचायला वेळ लागतो, म्हणून इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोलसारखी बुरशीविरोधी औषधं कित्येक आठवडे, कधी महिने द्यावी लागतात. दहा दिवसांत बदक ताजंतवानं दिसलं म्हणून औषध थांबवलं की आजार उलटतो. आधीच सांगून ठेवलेलं बरं: गाठी मोठ्या झालेल्या असतील तर सगळी बदकं वाचत नाहीत.

बुरशी लागलेलं खाद्य वेगळं संकट. मका आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, बदकाला फार थोड्या प्रमाणातही बाधतं. कोंबडी ज्यावर तगते त्यावर बदकाचं यकृत खलास होतं. पोत्यात गोळे झाले, कुबट वास आला की सगळं फेकायचं. वरचं काढून खालचं द्यायचं नाही.

जिवाणूंचे आजार बहुधा झपाट्याने येतात. पाश्चुरेल्लामुळे होणाऱ्या पक्ष्यांच्या कॉलऱ्यात संध्याकाळी खाल्लेलं बदक सकाळी मेलेलं सापडतं. एक ते आठ आठवड्यांच्या पिलांत रीमेरेल्ला: डोळे-नाक वाहणं, मान थरथरणं, लंगडणं. मायकोप्लाझ्मामुळे गाल फुगतो. तो फुगवटा घरी फोडायचा नाही. आतला स्राव दह्याच्या गोळ्यासारखा घट्ट असतो, पिळून निघत नाही.

अमोनियाची परीक्षा सोपी आहे. खुराड्यात वाका, डोकं बदकाच्या उंचीवर आणा आणि मिनिटभर थांबा. डोळे चुरचुरले तर बदक ते चोवीस तास सोसतंय. वर छपराखाली दोन समोरासमोरच्या भिंतींना वीतभर उंचीची जाळीची पट्टी ठेवा. खाली, बदक बसतं तिथे, थेट वारा नको.

बाकी कारणं थोडक्यात. गांडुळं-गोगलगायींतून श्वासनलिकेत जंत जातात. बदक मान झटकतं, जांभई दिल्यासारखं करतं. अडकलेलं अंडं किंवा पोटात साचलेलं पाणी हवेच्या पिशव्या दाबतं, म्हणून पोटही चाचपा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तोंडात पांढरे ठिपके येतात आणि नाकाचे संसर्ग वाढतात. किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला यांनी ते भरून निघतं. साचलेल्या डबक्यात मेलेले मासे आणि अळ्या खाऊन बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाची बाधा, झाली तर मान दोरीसारखी लुळी पडते. तिथे श्वास थांबतो तो स्नायू निकामी झाल्याने.

एकापेक्षा जास्त पक्षी मरत असतील तर

एक-दोन दिवसांत दोन-तीन पक्षी गेले, डोकं सुजलं, मान पिळवटली, डोळे ढगाळले, हिरवट हगवण लागली, तर घरचे उपचार थांबवा. बदक बर्ड फ्लूचे विषाणू अंगावर बाळगूनही धडधाकट दिसू शकतं, आणि शेजारच्या कोंबड्या पटापट मरतात. भारतात हा आजार पक्ष्यांत पहिल्यांदा २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला. २०२१च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यालाही. अशा वेळी पक्षी एसटीत किंवा रिक्षात घालून नेऊ नका, कापू नका, नाल्यात टाकू नका. सरकारी दवाखान्याला कळवा, ते येऊन नमुने घेतात. हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला, चपला घराबाहेरच काढा. बदक हाताळणाऱ्याला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल आवर्जून सांगा.

असा संशय नसेल आणि एकटंच बदक मेलं, तर शवविच्छेदन करून घ्या, बाकीची त्याने वाचतात. दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठवू नका, आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळा आहे.

आणखी एक. चोचीचं टोक पिवळं, मुळाशी दोन लाल ठिपके असं बदक 'सापडलं' असेल, तर ते हळदी-कुंकू बदक, रानपक्षी. ते घरी ठेवणं बेकायदा आहे. वनविभागाला १९२६वर कळवा.

पायरी ५: औषध चालू असतानाचे दिवस

रोज सकाळी, खाण्याआधी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर बादली ठेवून वजन घ्या. दोन किलोच्या बदकाचं वजन दोनशे ग्रॅमने घटलं तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. श्वासाचा आकडा शेजारच्या रकान्यात.

खाणं ओलं द्या, कोरडा भरडा घशात अडकतो आणि धूळ नाकात जाते. खाद्यात कोमट पाणी घालून सैल शिऱ्यासारखं करा. उन्हाळ्यात दोन तासांनी उरलेलं टाका. भिजवलेले वाटाणे वर टाकले की रुसलेलं बदकही चोच घालतं.

गोळी द्यायची तर ओल्या खाद्याच्या वाटाण्याएवढ्या गोळ्यात दडवा. डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक चालू असेल तर औषधाच्या वेळी शिंपल्यांचा चुरा बाजूला ठेवा, कॅल्शियम औषध अडवतं. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, शेजाऱ्यांना द्यायचीही नाहीत.

पायरी ६: खुराडं धुणं आणि परत सोडणं

बुरसटलेलं अंथरूण कोरडं उपसू नका. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, मास्क लावा, मग पोत्यात भरून लांब न्या. जमीन घासून धुवा, जंतुनाशक मारा, वास पूर्ण जाईपर्यंत आणि दोन दिवस ऊन लागेपर्यंत पक्षी आत नाही. पावसाळ्यात पेंढ्याऐवजी रबराची चटई आणि वर जुनी पोती बरी, रोज धुऊन वाळवता येतात. पाण्याचं भांडं खुराड्याच्या बाहेर किंवा जाळीवर ठेवा, सांडलेलं खाली निथळेल असं.

बदक परत सोडायची घाई नको. औषध डॉक्टरांनी थांबवलेलं, आठवडाभर वजन स्थिर, अंगणात दहा मिनिटं हिंडून आल्यावर चोच मिटलेली: हे तिन्ही जमलं की आधी दोन-तीन दिवस जाळीच्या पलीकडून बाकीच्यांना दिसेल असं ठेवा, मग दुपारच्या वेळी सोडा. पाण्यात पहिल्या दिवशी पाचच मिनिटं. बाहेर आल्यावर पाठीवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळत असतील तर पिसं पूर्ववत झाली. पिसं चिकटून काळपट ओली दिसली तर टॉवेलने टिपून घ्या आणि पोहणं आणखी आठवडाभर पुढे ढकला.